प्लास्टिक उचलायचे कोणी?

निवडणूक आली की आपल्याकडे प्रत्येक प्रश्नाला दोनच बाजू उरतात : आमची आणि त्यांची. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे निकाल लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी वर्गात वादविवाद ठेवला. गुलाल अजून रस्त्यावर होता, म्हणून विषय मुद्दाम दूरचा निवडला : समुद्रातील प्लास्टिक. पण राजकारण आलेच. एकाने २०१८ ची प्लास्टिकबंदी हा आपल्या पक्षाचा पराक्रम म्हणून सांगितला, दुसऱ्याने तिला धूळफेक म्हटले, तिसऱ्याने समुद्रात जाळे ओढणाऱ्या परदेशी यंत्राचे गुणगान केले. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, यंत्रानं वर काढलेला कचरा निवडायला बाया कुठल्या जातीच्या लावणार?” वर्ग हसला. तिची आई भंगार वेचते हे मला ठाऊक होते. मला हसता आले नाही.

तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी प्लास्टिकचा प्रवास समजून घेतला पाहिजे.

निरवांगी नीरेच्या काठी आहे. अलीकडे पुणे जिल्हा आणि बारामती लोकसभा मतदारसंघ; पलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका आणि माढा लोकसभा मतदारसंघ. प्रचारसभेत अलीकडचा पलीकडच्यावर आणि पलीकडचा अलीकडच्यावर खापर फोडतो. नदीला हे मतदारसंघ माहीत नाहीत. नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा पंढरपुरावरून कर्नाटकात जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या गावची पिशवी निघालीच तर अरबी समुद्राकडे नव्हे, पूर्वेकडे निघते. बरीचशी वाटेतच अडकते. नीरेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरल्यावर बर्गे घालतात. त्या बर्ग्यांना काय काय लटकते ते कोणीही जाऊन पाहावे. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शेतातून फाटून आलेला मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे. पुढे श्रीशैलम आणि नागार्जुनसागर यांसारखी मोठी धरणे आहेत.

सगळे प्लास्टिक पाण्यावर तरंगत नाही. दुधाची पिशवी तरंगते. बाटली बूच लावलेली असेपर्यंत तरंगते, पाणी भरले की बुडते. पुढाऱ्यांचे फोटो छापलेला फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, पाण्याहून जड. तो तळाशी जातो. जे तरंगते ते उन्हाने ठिसूळ होऊन तुटते. कुजत मात्र नाही. पाच मिलिमीटरहून लहान कण होतात, ते मासे गिळतात. पृष्ठभागावर ओढलेल्या जाळ्याला बुडालेला फ्लेक्स सापडत नाही, आणि कणही निसटतात.

आता त्या यंत्राविषयी. बोयान स्लाट या डच तरुणाने २०१३ मध्ये ‘ओशन क्लीनअप’ ही संस्था काढली. २०१८ मध्ये पॅसिफिकमध्ये नेलेले तिचे पहिले मोठे साधन मोडले. सुधारलेले साधन २०२१ पासून कचरा काढू लागले. नद्यांत कचरा अडवणारी यंत्रेही संस्था बसवते. प्रयत्न खोटा नाही, पण हिशेब पाहा. पॅसिफिकच्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्यात सुमारे ७९ हजार टन प्लास्टिक असल्याचा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. आणि २०१० या एका वर्षात जगभरच्या किनाऱ्यांवरून समुद्रात गेलेले प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असावे, असे २०१५ च्या एका अभ्यासाने दाखवले. नळ चालू ठेवून फरशी पुसण्याचा हा प्रकार आहे. मुंबईत वर्सोव्याचा किनारा अफरोज शाह या वकिलांनी २०१५ पासून हजारो स्वयंसेवकांच्या मदतीने साफ केला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. पण पावसाळ्याची भरती आली की समुद्र पुन्हा कचरा आणून टाकतो.

मग नळच बंद करावा, हा बंदीचा विचार. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांच्या या निर्णयावर पक्षापक्षांत जुंपली. त्या गदारोळात अधिसूचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट झाकली गेली. दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ग्राहकाला किमान ५० पैसे द्यावेत, असे त्यात होते. दुधावर जगणाऱ्या आपल्या बारामती-इंदापुरात ही योजना गाजायला हवी होती. मला ती एकाही दुकानात दिसली नाही. भाजीवालीच्या पाटीतल्या पिशव्या जप्त होताना मात्र पाहिल्या.

हे असे का होते? ज्या वस्तूला मोल आहे ती रस्त्यावर राहत नाही. बाटली, डबा, जाड पिशवी भंगारवाला घेतो, म्हणून वेचणारी ती उचलते. पुडीत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. तिला भाव नाही, म्हणून ती नदीत जाते. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिकच्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला. आपल्याकडे त्यातला मोठा वाटा कारखान्याने नव्हे, या बायांच्या हातांनी वाचवला.

हे हात कोणाचे? पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. गावची मेलेली ढोरे ओढणे हे ज्यांच्यावर वतन म्हणून लादले होते, त्यांच्याच लेकी शहरात उकिरड्यावर आल्या. महाडला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती घाणेरडी कामे टाकून देण्याची हाक दिली. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने १९५८ साली गेली. वतन गेले, काम राहिले. फक्त ढोराच्या जागी प्लास्टिक आले.

आपल्या चळवळीत यावर दोन मते आहेत. एक म्हणते, हे काम सोडा. दुसरे म्हणते, काम करणारीला संघटित करा, मोबदला मिळवा. पंचायतीतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचा हक्क मिळवला. मला ही दोन मते परस्परविरोधी वाटत नाहीत. आज वेचणारीच्या हातात हातमोजे, विमा आणि ठरलेली मजुरी हवी. उद्या तिच्या मुलीच्या हातात ते काम वारशाने येता कामा नये. पहिल्या मागणीत दुसरीचा विसर पडला, तर आपणच नवे वतन लिहून देऊ.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादकावर आपला प्लास्टिक कचरा परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. विचार योग्य आहे. पण वेचणारीला किती मिळावे हे त्यांनी ठरवलेले नाही. म्हणून पुढच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष न पाहता, तीन प्रश्न विचारावेत. हे प्लास्टिक बनवले कोणी? उचलण्याचे पैसे कोण देणार? उचलणारीची मुलगी कुठल्या शाळेत जाणार? आणि चौथा प्रश्न त्याच्याच फ्लेक्सकडे बोट दाखवून विचारावा : मतदान झाल्यावर हा कोण उतरवणार?

त्या मुलीला मी वर्गात उत्तर देऊ शकलो नव्हतो. तिला नेमका हाच हिशेब हवा होता.