जेवणाच्या आदल्या दिवशी चाला

तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे आमचं उमरठ सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही मुंबईचे चाकरमानी मात्र सणाला येतो आणि पहिल्याच दिवशी मटणावर ताव मारतो.

त्या जेवणातली चरबी आतड्यातून बारीक कणांच्या रूपात रक्तात येते. रक्तातली ही चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, ३-४ तासांत सर्वांत वर चढतं, मग हळूहळू उतरतं. ते फोडून स्नायूंपर्यंत पोचवतं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर. राबत्या स्नायूंत ते जास्त असतं. म्हणून लावणीत दिवसभर वाकणारी काकी आणि खुर्चीत बसणारा मी एकाच पातेल्यातलं जेवलो, तरी दोघांच्या रक्तातला हिशेब वेगळा असू शकतो.

आदल्या दिवशी तासभर झपझप चाललं, तर जेवणानंतरची ही वाढ कमी राहते. पण दोन-तीन दिवस बसून काढले, की फायदा बराचसा ओसरतो. तेव्हा रविवारी एकदाच गड चढून आठवडा निभत नाही; चालणं रोजचं हवं.

उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आत असावं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र नुसत्या चालण्याने फारसं उतरत नाही. त्यासाठी रश्श्यावरचा तवंग, तूप आणि ओलं खोबरं यांवरच हात आखडावा लागतो.