एक बस, दोन पगार

आमच्या शेजारचे अण्णा बेस्टमध्ये ड्रायव्हर होते. बोनस जाहीर झाला की दिवाळीचा पहिला पेढा त्यांच्याकडून यायचा. आता अण्णा निवृत्त झाले आणि मुलगा बस चालवतो. रस्ता तोच, थांबे तेच, बसही लालच. पेढा मात्र येत नाही. मुलगा बेस्टचा नाही, कंत्राटदाराचा!

"काका," तो एकदा मला म्हणाला, "माझ्याच गाडीतला कंडक्टर बेस्टचा आहे. त्याला बोनस, मला नाही. माझा पगार अण्णांच्या शेवटच्या पगाराच्या निम्माही नाही."

मी जरा चौकशी केली. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, इंधन आणि दुरुस्तीही त्याचीच. बेस्ट त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देते. तिकिटाचे पैसे बेस्टकडे जातात. याला 'वेट लीज' म्हणतात. (पावसाशी याचा संबंध नाही, हे आमच्या सौ.ना मुद्दाम सांगावे लागले!) टेंडर निघते आणि ज्याचा दर कमी, त्याला काम. आता पाहा, बसची किंमत आणि इंधनाचा भाव सर्वांना जवळपास सारखाच. मग दर उतरवायचा कुठून? ड्रायव्हरच्या पगारातून, नाहीतर गाडीच्या देखभालीतून. चढाओढ म्हणतात ती शेवटी येथे येऊन थांबते.

हे केवळ मुंबईचे दुखणे नव्हे. लंडनमध्ये १९८५ पासून बसमार्गांची टेंडरे निघू लागली. २०१५च्या जानेवारीत तिथले ड्रायव्हर संपावर गेले, ते अठरा कंपन्यांत एकाच कामाला वेगवेगळा पगार का, हे विचारण्यासाठी.

आपल्याकडे युनियनला ही भीती आधीपासून होती. २०१९च्या जानेवारीत नऊ दिवस संप झाला, तेव्हा अण्णाही घरी बसले होते. त्या संपाच्या मागण्या पगाराच्या आणि बेस्टच्या अर्थसंकल्पाच्या होत्या. कंत्राटी बसचा तंटा वेगळा चालू होता. जूनमध्ये युनियनने करार केला: कंत्राटी बस येऊ द्या, पण बेस्टने स्वतःच्या ३,३३७ बस राखाव्यात. जुलैत किमान भाडे आठ रुपयांवरून पाच झाले. आम्ही उतारू खूश! त्या आनंदात करारातला आकडा कोणी लक्षात ठेवला? मी तरी नाही. २०२५पर्यंत बेस्टच्या स्वतःच्या बस हजाराच्याही खाली आल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात भाडे दहा रुपये झाले.

बेस्टचा तोटा खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. पण स्वस्ताईचाही भरवसा नाही. २०२२ साली एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून आपल्या गाड्याच काढून घेतल्या. ९ डिसेंबर २०२४ला कुर्ल्यात भाड्याच्या विजेच्या बसने माणसे चिरडली. चालकाला त्या गाडीचे पुरेसे शिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला.

२०२३च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी संप केला. शेजारचा मुलगाही त्यात होता. मला वाटले, अण्णा त्याला समजावतील. त्यांनी त्याला डबा बांधून दिला आणि म्हणाले, "आमच्या वेळी निदान साहेब कोण, ते ठाऊक होते. हा भांडणार कोणाशी? बेस्ट म्हणते कंत्राटदाराकडे जा, कंत्राटदार म्हणतो दर परवडत नाही."

परवा मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. अर्ज लिहून हवा होता. एका शाळेच्या बसवर ड्रायव्हरची जागा आहे म्हणे. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले.

"बेस्टची बस चालवली, असे लिहा काका," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "नको. कंत्राटदाराचेच नाव लिहा. ते चौकशी करतील."