क्रॉन व क्रॉनटॅब

क्रॉन : यूनिक्स व तत्सदृश संगणक परिचालन प्रणालींमध्ये ठरवून दिलेली कामे ठरवून दिलेल्या वेळी, माणसाच्या उपस्थितीविना, आपोआप सुरू करणारा कार्यक्रम. ही कामे ज्या कोष्टकात नोंदविलेली असतात त्यास, तसेच ते कोष्टक तयार करणे, पाहणे व काढून टाकणे यांसाठी वापरावयाच्या आज्ञेस ‘क्रॉनटॅब’ म्हणतात. काल या अर्थाच्या ‘क्रोनॉस’ या ग्रीक शब्दावरून हे नाव आले असावे, असे मानतात. राखीव प्रती काढणे, जुन्या नोंदी काढून टाकणे, अहवाल तयार करणे, दुसऱ्या संगणकाशी माहितीचा मेळ घालणे इ. नियतकालिक कामांसाठी क्रॉनचा उपयोग होतो. एखादे काम पुढे एकदाच करावयाचे असल्यास त्यासाठी ‘ॲट’ ही वेगळी आज्ञा आहे.

इतिहास : बेल प्रयोगशाळेतून १९७९ मध्ये बाहेर पडलेल्या यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉनचे रूप अगदी साधे होते. दर मिनिटास जागे व्हावयाचे, संपूर्ण यंत्रासाठी असलेले एकच कोष्टक वाचावयाचे, त्या मिनिटास नेमलेली कामे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे सुरू करावयाची व पुन्हा निद्रिस्त व्हावयाचे, एवढाच त्याचा क्रम असे. प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र कोष्टक द्यावयाचे तर ही पद्धत यंत्रावर फार भार टाकणारी ठरली. पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी या अडचणीवर उपाय शोधला. फ्रँटा व मॅली यांनी १९७७ मध्ये सुचविलेल्या घटनासूचीच्या मांडणीचा आधार घेऊन त्यांनी पुढील कामे कालक्रमाने लावून ठेवली. त्यामुळे क्रॉनला सर्वांत जवळच्या कामाच्या वेळेपर्यंत स्वस्थ राहता येऊ लागले. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये तयार केलेली आवृत्ती विशेष लोकप्रिय झाली. ती दर मिनिटास जागी होते. परंतु कोष्टके स्मृतीत ठेवते व त्यांत बदल झाला असेल तरच ती पुन्हा वाचते. लिनक्स प्रणालींत आढळणारी ‘क्रोनी’ ही तिचीच शाखा होय. यंत्र बंद असताना राहून गेलेली दैनिक वा साप्ताहिक कामे नंतर उरकणारा ‘ॲनाक्रॉन’ हा कार्यक्रम क्रॉनला पूरक आहे.

कोष्टकाची रचना : कोष्टकातील प्रत्येक ओळीत पाच कालदर्शक रकाने व त्यांपुढे करावयाच्या कामाची आज्ञा असते. रकान्यांचा क्रम मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), महिन्याची तारीख (१ ते ३१), महिना (१ ते १२) व वार (० ते ६, ० म्हणजे रविवार) असा असतो. तारकाचिन्हाचा अर्थ ‘प्रत्येक’ असा होतो. उदा., ‘३० २ * * *’ म्हणजे दररोज रात्री अडीच वाजता आणि ‘३० २ * * ०’ म्हणजे फक्त रविवारी त्याच वेळी. प्रत्यक्ष कोष्टकात अंक व आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्या लागतात.

ही रचना सोपी दिसली, तरी तीत काही खोचा आहेत. ‘* २ * * *’ असे लिहिल्यास काम दोन वाजता एकदा न होता दोन ते दोन वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंत साठ वेळा होते. तारीख व वार हे दोन्ही रकाने भरल्यास त्यांपैकी कोणताही एक जुळला तरी काम सुरू होते. म्हणून ‘० ९ १३ * ५’ ही ओळ तेरा तारखेस येणाऱ्या शुक्रवारापुरती नसून दर तेरा तारखेस व दर शुक्रवारी लागू पडते. मिनिटाच्या रकान्यात ‘*/७’ लिहिले, तर छप्पनाव्या मिनिटानंतरचे काम चारच मिनिटांनी होते, कारण मोजणी प्रत्येक तासास नव्याने सुरू होते. यंत्राचे घड्याळ कोणत्या प्रमाणवेळेवर आहे, हेही पाहावे लागते. घड्याळ जागतिक समन्वित वेळेवर असल्यास भारतातील पहाटे दोनचे काम आदल्या दिवशीच्या रात्री साडेआठ या वेळेस नोंदवावे लागते.

आज्ञेचा वापर : क्रॉनटॅब या आज्ञेस ‘-ई’ हा पर्याय जोडल्यास कोष्टक संपादनासाठी उघडते, ‘-एल’ जोडल्यास ते दिसते आणि ‘-आर’ जोडल्यास संपूर्ण कोष्टक नष्ट होते. रोमन कळफलकावर ई व आर या कळा शेजारी आहेत आणि बहुतेक प्रणालींत कोष्टक नष्ट करण्यापूर्वी काहीही विचारले जात नाही. यास्तव कोष्टकाची प्रत अन्यत्र ठेवणे इष्ट असते.

हाताने चालविलेली आज्ञा यशस्वी होते, परंतु तीच क्रॉनकडे सोपविली असता फसते, असा अनुभव वारंवार येतो. क्रॉन कामास अत्यंत मोजके परिसर-चल पुरवितो. वापरकर्त्याने स्वतःच्या सत्रात केलेली मांडणी त्यास ठाऊक नसते. म्हणून कार्यक्रमांचे व फाइलींचे पूर्ण मार्ग लिहावे लागतात. पहिले काम संपण्यापूर्वीच दुसरे सुरू होऊ नये म्हणून कुलूप-फाइलीची योजना करतात.

मूक अपयश : कामातून निघालेला मजकूर क्रॉन वापरकर्त्यास टपालाने पाठवितो. हे टपाल पोहोचले नाही वा कोणी वाचले नाही, तर काम फसत असल्याचे कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या मुख्य माहितीसंचयाची फाइल-निर्देशिका दुरुस्तीच्या वेळी चुकून पुसली गेली. राखीव प्रत काढण्याचे काम रोज नेमलेले होते; पण त्यात माहितीसंचयाच्या आवृत्तीशी न जुळणारे जुने साधन वापरले जात असल्याने ते फसत होते. अपयशाची सूचना देणारी पत्रे प्रेषकाची खातरजमा न झाल्याने नाकारली जात होती. अन्य कारणासाठी सु. सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती असल्याने बहुतेक माहिती परत मिळाली. मधल्या तासांतील बदल मात्र कायमचे गमावले. संस्थेने स्वतःच हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

काम नेमलेले असणे व ते पार पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. क्रॉन काम सुरू करण्याचीच हमी देतो. त्यामुळे यशाची नोंद ठेवणे, ठराविक काळात ती न आल्यास इशारा देणारी स्वतंत्र व्यवस्था उभारणे आणि राखीव प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष परत मिळते की नाही हे अधूनमधून पडताळणे, ही जबाबदारी यंत्र सांभाळणाऱ्याकडेच राहते.