शुश्रूषा करणाराची शुश्रूषा

मनुष्य वारला म्हणजे त्याच्या आप्तांनीं काय करावें, हें आपल्या धर्मशास्त्रानें बारकाईनें सांगून ठेविलें आहे. दहा दिवस अशौच, तेराव्या दिवशीं गोडाचें जेवण, आणि मग घर पुन्हा व्यवहारास लागतें. परंतु मेंदूस जबर इजा होऊन जो मनुष्य जिवंत आहे, पण पूर्वीचा राहिला नाहीं, त्याच्या माणसांनीं शोक किती दिवस करावा? ह्या शोकास ना सूतक, ना समाप्ति. ‘जीव तर वांचला!’ एवढ्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचें समाधान होतें, आणि घरच्यांस रडण्याचीही चोरी होते.

आम्हां पनवेलकरांस हा विषय परका नाहीं. गोव्याचा रस्ता पळस्प्याहून फुटतो, आणि २००२ सालीं पूर्ण खुला झालेला पुण्याचा द्रुतगति मार्ग कळंबोलीहून निघतो. ह्या रस्त्यांवरील अपघातांची झळ किती घरांस लागते, हें येथील लोक जाणतात. रोग्याची शुद्धि मोजण्याची रीत १९७४ सालीं ग्लासगो येथील वैद्यांनीं घालून दिली; तींत आतां ३ पासून १५ पर्यंत गुण देतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा गंभीर समजतात. पण उशाशीं बसलेल्या पत्नीची किंवा आईची शक्ति किती उरली, हें मोजण्याची आठवण घरांत कोणास होत नाहीं.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांची हकीकत सर्वश्रुत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथल्याच एका कामगारानें साखळीनें गळा आवळून त्यांच्यावर पाशवी अत्याचार केला. मेंदूस प्राणवायु न मिळाल्यानें त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजीं त्या निवर्तल्या, तोंपर्यंत म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ तेथील परिचारिकांनीं त्यांचें सर्व कांहीं केलें. ७ मार्च २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेंही ह्या सेवेचा गौरव केला. ह्या कथेंतून सर्वजण प्रेमाचा बोध घेतात, आणि तो योग्यच आहे. आम्हांस मात्र तींत आणखी एक बोध दिसतो. तो भार चोवीस तास कोणा एकीवर नव्हता. पाळी संपली कीं एक घरीं जाई, दुसरी येई. एक सेवानिवृत्त झाली कीं तिची जागा दुसरी घेई.

घरच्या सुनेस मात्र ना पाळी, ना सुटी, ना निवृत्ति. दर दोन तासांनीं कूस पालटावयाची, नळीनें अन्न घालावयाचें, आणि रात्रीं कान जागा ठेवून निजावयाचें. रोगी हिंडूंफिरूं लागला तरी दुःख संपतेंच असें नाहीं. मेंदूच्या पुढील भागास इजा झाली असल्यास शांत स्वभावाचा पति संतापी होतो, वाटेल तें बोलतो. तो त्याचा दुष्टपणा नव्हे, इजेचें फळ होय. तरी तें सोसावें लागतें पत्नीस. अशा वेळीं निद्रानाश, चिडचीड, उदासपणा हीं तिच्या मनाच्या खोटेपणाचीं लक्षणें नसून थकव्याचीं आहेत. तिलाही वैद्याकडे नेलें पाहिजे.

‘सावित्री आहे हो!’ अशी स्तुति करणें सोपें आहे. सावित्रीस सत्यवान जसा होता तसा परत मिळाला. हिला तो तसा मिळेलच असें नाहीं. म्हणून स्तुतीपेक्षां रात्रीची एक पाळी घ्यावी, आणि ती घरांतील पुरुषांनींही घ्यावी. आठवड्यांतून एक दिवस तिला माहेरीं, देवळांत किंवा मैत्रिणीकडे जाऊं द्यावें. ती हंसली तर नांवें ठेवूं नयेत. मुलांना खरें काय तें समजेल अशा शब्दांत सांगावें. खर्चाचा विचार एकटीवर न टाकतां सर्वांनीं बसून करावा.

एकत्र कुटुंबाची थोरवी आपण नेहमींच गातों. ती खरी आहे कीं नाहीं, हें अशाच घरांत रात्रीं दोन वाजतां कोण उठतो, त्यावरून ठरतें.