सात गाड्या, पंचवीस खोल्या आणि एक स्टेप

जुहूचा बंगला ते दादरची चाळ. भगवानदादांच्या करिअरचा ग्राफ बघून आपल्या घरचे आपल्याला घाबरवतात. पण गोष्ट खरंच तेवढीच आहे का?

राजीनामा टाकला त्या रविवारी मी गंगापूरला घरी गेले. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. वाळूजच्या कंपन्या मागे पडल्या, कपाशीची शेतं सुरू झाली, एसटीत शेजारच्या आजींनी अख्खं पेरूचं पिशवीभर प्रकरण संपवलं, तरी माझं पहिलं वाक्य काही तयार होईना. शेवटी चहाच्या वेळी मी एका दमात सांगून टाकलं. नोकरी सोडली, आता फ्रीलान्स करणार, स्वतःचं काहीतरी करणार.

अण्णांनी ऐकून घेतलं. बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "भगवानदादाचं काय झालं, माहितीय ना?"

माहितीय, अण्णा. लहानपणापासून माहितीय. तुमच्याकडे पंचतंत्र, आमच्याकडे भगवानदादा. दुसरी जीन्स मागितली, भगवानदादा. मास कॉमला जायचं म्हटलं, भगवानदादा. क्रेडिट कार्ड घेतलं तेव्हा तर सलग दोन दिवस. "सात गाड्या होत्या त्याच्याकडे. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला. आणि मेला कुठं? दादरच्या चाळीत." शेवटचं वाक्य अण्णा नेहमी हळू आवाजात म्हणतात, म्हणजे ते जास्त लागतं.

या वेळी मात्र मी ठरवलं की अण्णांच्या गोष्टीचं फॅक्ट-चेकिंग करायचंच. नाहीतरी आता माझ्याकडे वेळच वेळ होता, बॉस!

जेवणाचा डबाही तोच, डायरेक्टरही तोच

पहिला धक्का हा की अण्णांचे आकडे बरोबर आहेत. सात गाड्या, पंचवीस खोल्या, चाळ, सगळं. दुसरा धक्का हा की अण्णा गोष्ट मधूनच सुरू करतात.

भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार. मुंबईत दादर-परळच्या कामगार वस्तीत वाढले, मजुरी केली आणि सिनेमाचं वेड डोक्यात घेऊन मूकपटांच्या काळात स्टुडिओत शिरले. १९३८ साली 'बहादूर किसान'चे सहदिग्दर्शक झाले. तिथून पुढची दहा-अकरा वर्षं हा माणूस एकामागून एक स्टंटपट काढत होता. मारामारी, उड्या, पाठलाग. प्रेक्षक कोण, तर गिरणीतून सुटलेला कामगार. समीक्षकांनी या सिनेमांकडे बघितलंही नाही, आणि आज त्यातले बहुतेक बघायलाही मिळत नाहीत.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग बजेटचा आहे. पासष्ट हजारांत अख्खा सिनेमा! त्यासाठी युनिटच्या जेवणाची सोय हेच बघणार, कपडे कसे शिवायचे ते हेच ठरवणार, आणि मग कॅमेऱ्यासमोर उडीही हेच मारणार. आपल्या ऑफिसात 'मल्टिटास्किंग' म्हणून ज्याचं कौतुक होतं (आणि पगार वाढत नाही) ते हे. १९४२ मध्ये निर्माते झाले, १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभा केला. पैसे उडवणाऱ्या माणसाचं हे वर्णन आहे का? मी अण्णांना हे फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं. पुढं?"

याच काळात त्यांनी आणखी एक काम केलं. पुणतांब्याच्या एका दोस्ताला, रामचंद्र चितळकरला, आपल्या सिनेमांचं संगीत दिलं. पुणतांबा म्हणजे आमच्याकडून फार लांब नाही, गोदावरी ओलांडली की आलंच. १९४२ च्या 'सुखी जीवन'पासून हा दोस्त हिंदीत स्वतंत्र संगीतकार झाला. नाव लावलं सी. रामचंद्र. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. नसेल तर आईवडिलांना विचारा, ते तासभर सोडणार नाहीत.

आईची बाजू

आईला मात्र भगवानदादा मुळीच आवडत नाहीत. पैशांमुळे नाही, थपडेमुळे.

आईचं माहेर येवल्याकडचं. वैजापूर सोडून पुढे गेलं की येवला, पैठणीचं गाव. तिथेच १९१६ साली एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेली अंबा सगुण पुढे ललिता पवार झाली. आपल्याला त्या माहीत आहेत 'रामायण' मालिकेतली मंथरा म्हणून, नाहीतर डोळा बारीक करून सुनेला छळणारी सासू म्हणून. पण मूकपटांपासून काम करणाऱ्या ललिताबाई आधी नायिका होत्या. घोड्यावर बसणाऱ्या, ग्लॅमरस, स्वतः सिनेमा निर्माण करणाऱ्या नायिका.

१९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला थपडेचा सीन होता. समोर भगवान. थप्पड जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. साधारण तीन वर्षं उपचार चालले. नायिकेचं करिअर एका टेकमध्ये संपलं.

"आणि तुझे अण्णा त्याच्या गाड्यांचं सांगतात," आई भाजी निवडताना म्हणाली. "तिच्या डोळ्याचं कोण सांगणार?"

मी सांगते. ललिताबाई परत आल्या. तो अर्धवट मिटलेला डोळा घेऊनच आल्या, आणि त्याच डोळ्याच्या जोरावर हिंदी सिनेमातली खाष्ट सासू त्यांच्या नावावर झाली. १९५९ च्या 'अनाडी'त मात्र त्यांनी राज कपूरवर आईसारखी माया करणारी मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर घेतलं. १९९८ मध्ये गेल्या, तोवर सत्तर वर्षांची कारकीर्द झाली होती. ज्याच्या हातून त्या पडल्या तो स्वतः पुढे कोसळला आणि त्या वर जात राहिल्या, याला न्याय म्हणायचं का, हे मला ठरवता आलं नाही. आईने ठरवलेलं आहे.

एकदाच लागलेला जॅकपॉट

आता 'अलबेला'. स्टंटपट बास झाले, एक सामाजिक चित्रपट कर, असा सल्ला राज कपूरने दिला, असं सांगतात. भगवाननी ऐकलं. १९५१ साली स्वतः निर्माता, स्वतः दिग्दर्शक, स्वतः हीरो. नायिका गीता बाली, म्हणजे त्या काळातली ए-लिस्टर. संगीत अर्थातच सी. रामचंद्र. चॉकलेट हीरोंच्या जमान्यात हा बुटका, जाडसर, गोल चेहऱ्याचा माणूस पडद्यावर आला आणि 'शोला जो भडके'वर गुडघे जरासे मोडून, हात सैल सोडून, जागच्या जागी असा काही डुलला की थिएटरात लोक उठून नाचले म्हणतात. आपल्या प्रत्येक वरातीत एक काका जो नाच करतात ना, तो इथून आलाय. पुढे अमिताभ, मिथुन, गोविंदा, सगळ्यांनी ती स्टेप आपापल्या परीने वापरली.

'अलबेला' त्या वर्षीच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमांपैकी एक ठरला. मग बंगला आला, गाड्या आल्या.

आणि हो, 'अलबेला'ची कथा अण्णांनी मला आजवर एकदाही सांगितली नव्हती. मी बघितला तेव्हा कळलं का. त्यातल्या प्यारेलालची नोकरी जाते, बापाशी वाजतं, तो घर सोडतो आणि रंगमंचावर स्टार होतो!

मग फसलं कुठे? १९५३ मध्ये त्यांनी 'झमेला' काढला. तीच जोडी, तोच संगीतकार, तसाच मसाला. नाही चालला. १९६६ मध्ये 'लबेला'. नाव वाचलंत? पंधरा वर्षांनीही माणूस तेच दार ठोठावत होता. तोही पडला. मला विचाराल तर गाड्यांनी त्यांना बुडवलं नाही. पासष्ट हजारांत सिनेमा काढणाऱ्याला हिशेब कळत नव्हता असं कसं म्हणणार? एका हिटची फोटोकॉपी निघेल या समजुतीने त्यांना बुडवलं. बंगला गेला, एकेक करून गाड्या गेल्या, राहायला दादरची दोन खोल्यांची जागा उरली.

इथे मला हॉलिवुडचा बस्टर कीटन आठवला. तोही बुटका, तोही स्वतःचे स्टंट स्वतः करणारा. १९२६ चा त्याचा 'द जनरल' आज मास्टरपीस मानतात, तेव्हा पडला होता. १९२८ मध्ये तो एमजीएमकडे करारावर गेला आणि सिनेमावरचा ताबाच हातातून निसटला. दारू, घटस्फोट, बेव्हर्ली हिल्सचा आलिशान बंगला गेला. १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये तो पत्ते खेळताना काही क्षण दिसतो, बस. पण १९६० मध्ये ऑस्करवाल्यांनी त्याला सन्मानाचा पुतळा दिला. 'लबेला' आला त्याच वर्षी तो गेला.

मागच्या रांगेतला माणूस

भगवानदादांच्या वाट्याला तसा पुतळा आला नाही. पण ते घरीही बसले नाहीत, आणि अण्णांच्या गोष्टीतून नेमका हाच तुकडा गायब आहे. 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी'पासून पुढची कित्येक दशकं ते मिळेल ते काम करत राहिले. हवालदार, नोकर, गाण्यातल्या गर्दीतला एक. त्यांच्या नावावर तीनशेच्या वर चित्रपट मोजतात. कधीकाळी ज्यांनी युनिटला जेवू घातलं ते दुसऱ्याच्या युनिटच्या पंगतीत बसले. मी सत्तर-ऐंशीच्या दशकांतली काही गाणी पुन्हा लावून पाहिली. पुढे हीरो घाम गाळतोय आणि मागे एका कोपऱ्यात हा म्हातारा, काहीच कष्ट न घेता, तीच स्टेप करतोय. नजर तिकडेच जाते.

चाळीत भेटायला येणारे थोडेच राहिले. सी. रामचंद्र यायचे, विनोदी नट ओमप्रकाश यायचे, 'अलबेला'ची गाणी लिहिणारे राजेंद्र कृष्ण यायचे. आणि गणपतीत विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या दाराशी थांबायची, बँडवाले 'अलबेला' वाजवायचे आणि दादा खाली येऊन नाचायचे, असं दादरकर सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ ला त्याच घरी हृदयविकाराने ते गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' आला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, गीता बालींच्या भूमिकेत विद्या बालन.

आता माझं. फ्रीलान्सिंगला पाच महिने झाले. दोन चेक आले, तिसरा 'प्रोसेसमध्ये' आहे (हा शब्द ज्याने शोधला त्याला मी शोधतेय). गेल्या आठवड्यात मी एका कंपनीचं न्यूजलेटर लिहायचं काम घेतलं. मशीनच्या पार्ट्सवर पाचशे शब्द, वर माझं नाव नाही. सुरुवातीला जरा लाज वाटली. मग भाडं भरलं.

हे सगळं मी या रविवारी अण्णांना सांगितलं. बजेट, पुणतांबा, थप्पड, 'लबेला', मागची रांग, माझं न्यूजलेटर. ओसरीवर बसून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आई आतून मधूनमधून ललिताबाईंची आठवण करून देत होती.

"म्हणजे काम करायचा तो," अण्णा म्हणाले.

"शेवटपर्यंत."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण गाड्या सातच होत्या ना?"

"सातच."

"मग!"