'त्रिकोण' शब्दाचे कूळ

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे प्राचीन गाव आहे. तेथे विटांनी बांधलेले त्रिविक्रमाचे मंदिर आहे. त्रिविक्रम म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा. या नावातील 'त्रि' तोच 'त्रिकोण' शब्दातही आहे. त्याविषयी शंका नाही. खरे कोडे आहे ते पुढच्या 'कोण' या शब्दाचे.

'कोण' म्हणजे कोपरा. मराठीत आपण नुसता 'कोन' लिहितो तेव्हा 'न' येतो; 'त्रिकोण' या शब्दात मात्र संस्कृतातील 'ण' टिकून राहिला आहे. मुलांची नेमकी येथेच चूक होते. आर्यभटाने याच आकृतीला 'त्रिभुज', म्हणजे तीन बाजूंची, म्हटले. त्याहून जुन्या शुल्बसूत्रांत दोन बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाला 'प्रउग' असे नाव आहे. ते रथाच्या पुढील निमुळत्या भागाचे नाव होय.

ग्रीक भाषेत कोपऱ्याला 'गोनिया' आणि त्रिकोणाला 'त्रिगोनोन' म्हणत. आपला 'कोण' हा शब्द या 'गोनिया'वरूनच आला असावा, असे अनेक विद्वानांचे मत आहे. ग्रीक ज्योतिष संस्कृतात उतरले, तेव्हा 'केंत्रोन'चे 'केंद्र' झाले, हे तर सर्वमान्य आहे. पण गंमत पुढेच आहे. 'गोनिया'चे नाते गुडघ्याच्या ग्रीक नावाशी, 'गोनु'शी आहे, आणि 'गोनु' हा संस्कृत 'जानु'चा सख्खा भाऊ. आजानुबाहू म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात असा पुरुष. पाय दुमडून पाहावा. गुडघ्यापाशी कोन दिसतोच!

यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, आणि या प्रदेशाचा संबंध आला कसा? तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या, असे त्यात सांगितले आहे. तगरचे कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाई आणि तेथून गलबतांत चढे. 'कोण' हा शब्द त्याच गाड्यांबरोबर आला, असे मात्र म्हणता येत नाही. तो आला असल्यास ज्योतिषाच्या पोथ्यांमधून आला असावा. 'त्रि' मात्र कोणाकडून घ्यावा लागला नाही. तो संस्कृतात होता, ग्रीकातही होता. दोन्ही भाषांना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला होता.