रिक्रूटरच्या फोनची तयारी

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, सोलापूर, रत्नागिरी इथली आपली मुलं-मुली आता गूगल, मायक्रोसॉफ्ट, अमेझॉनसारख्या कंपन्यांत अर्ज करू लागली आहेत. अर्ज पुढे सरकला, तर एक छोटा ईमेल येतो: आमचे रिक्रूटर तुमच्याशी अर्धा तास फोनवर बोलू इच्छितात, कोणती वेळ सोयीची? कोडिंगचा महिनोन्‌महिने सराव करणारी मुलं या अर्ध्या तासाची तयारी मात्र क्वचितच करतात. ‘साधा फोन तर आहे’ असं म्हणून सोडून देतात. पण पुढच्या सगळ्या मुलाखतींचं दार याच फोनने उघडतं किंवा बंद होतं. म्हणून आम्ही हा लेख उमेदवारांबरोबर त्यांच्या अम्मी-अब्बांसाठीही लिहीत आहोत. कारण या फोनवरच्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं उमेदवाराच्या एकट्याच्या हातात नसतात.

आधी हे समजून घेऊ की फोन करणारी व्यक्ती बहुधा इंजिनिअर नसते. भरती पाहणं हे तिचं काम. तुमचा अनुभव जागेला जुळतो का, तुम्ही खरोखर येणार आहात का, पगाराची अपेक्षा कंपनीच्या मर्यादेत बसते का, एवढं तिला कळायला हवं असतं. काही कंपन्यांत दोन-चार तांत्रिक प्रश्नही विचारतात. एखाद्या भाषेत स्वतःला दहापैकी किती गुण द्याल, असंही विचारलं जाऊ शकतं. तिथे उगाच दहा म्हणू नये, कारण पुढच्या फेरीत त्याच भाषेवर खोदून विचारतात. फोन संपल्यावर रिक्रूटर तुमच्याबद्दल चार ओळींची नोंद करते. त्या चार ओळी तिला सहज लिहिता येतील, असं बोलायचं.

इथेच आपली मुलं अडखळतात. आपल्या घरांत ‘मी, मी’ करणं चांगलं मानत नाहीत. मुलगा पहिला आला तरी ‘अल्लाहचा करम आहे, सगळ्यांच्या दुआ आहेत’ असंच म्हणतो, आणि घरात ते योग्यच आहे. पण फोनवर ‘आम्ही प्रोजेक्ट पूर्ण केला, आमच्या टीमने सिस्टिम वेगवान केली’ एवढंच सांगितलं, तर समोरच्या माणसाला काय कळणार? टीम आठ जणांची होती. त्यात तुम्ही काय केलंत?

समजा, कंपनीत रोज रात्री एक हिशेबाचा रिपोर्ट तयार व्हायचा आणि त्याला 40 मिनिटं लागायची. मग असं सांगा: ‘नेमकी कोणती क्वेरी अडते, ते मी शोधलं. इंडेक्स बदलला. आता तोच रिपोर्ट 6 मिनिटांत होतो. टेस्टिंग माझ्या सहकाऱ्याने केलं.’ यात बढाई कुठेच नाही. आपलं काम आपलं म्हणून सांगितलं, दुसऱ्याचं दुसऱ्याच्या नावावर ठेवलं. उलट ‘आम्ही’च्या आडोशाला सगळंच धूसर ठेवलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, याने फारसं काही केलेलं नसावं. आकडा मात्र खरा हवा. 40 मिनिटं कशी मोजली, हे पुढच्या फेरीत नक्की विचारतील.

असे तीन-चार प्रसंग आधीच निवडून ठेवावेत. परिस्थिती काय होती, तुमच्यावर जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं, या क्रमाने प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे. अमेझॉनने तर आपली 16 नेतृत्व-तत्त्वं वेबसाइटवरच दिली आहेत (आधी 14 होती, 2021 साली दोन वाढली), आणि मुलाखतीचे प्रश्न त्यांनाच धरून येतात. ती वाचून आपला कोणता प्रसंग कुठे बसतो, हे पाहून ठेवणं म्हणजे अर्धी तयारी. मनातल्या मनात म्हणून भागत नाही, मोठ्याने बोलावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून बहिणीला किंवा मित्राला पाठवावा. इंग्रजीच्या धास्तीवरही हाच उपाय. छोटी वाक्यं, सावकाश बोलणं. प्रश्न कळला नाही, तर पुन्हा विचारायला सांगण्यात काहीच गैर नाही.

आता घरच्यांशी थोडं बोलू. या कंपन्यांची भारतातली मोठी कार्यालयं प्रामुख्याने हैदराबाद आणि बंगळुरूला आहेत. मायक्रोसॉफ्टने हैदराबादला विकास केंद्र 1998 सालीच सुरू केलं, गूगल 2004 मध्ये या दोन्ही शहरांत आलं. तेव्हा ‘हैदराबादला यायला तयार आहात का?’ हा प्रश्न येणारच. मुलीने ‘अब्बांना विचारून सांगते’ म्हटलं, की रिक्रूटरच्या नोंदीत ते बहुधा नकार म्हणूनच उतरतं. मुलीला शिकवलं, अर्ज करू दिला, मग ही चर्चा फोनच्या आधी व्हायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. राहायची सोय कुठे, नात्यातलं कोणी तिथे आहे का, ऑफिसची कॅब मिळते का, आठवड्यात किती दिवस ऑफिसला जावं लागतं, हे सगळं घरात बसून ठरवावं. ऑफिसबद्दलचे प्रश्न तर मुलीने रिक्रूटरलाच विचारावेत. तिचं ते कामच आहे. आणि घरात ठरलं ‘नाही’, तर पुण्या-मुंबईच्या जागा शोधाव्यात. मुलीला फोनवर अवघडून ठेवू नये.

दुसरा अवघड प्रश्न पगाराचा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 2018 पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे मात्र तो सर्रास विचारतात आणि पुढे पगाराच्या स्लिपाही मागतात. त्यामुळे आकडा फुगवून सांगू नये. पण अपेक्षा विचारली, तर लगेच आकडा टाकण्याची घाईही नको. ‘या पदासाठी तुमची मर्यादा काय आहे, ते कळलं तर बरं होईल’ असं अदबीने विचारता येतं. सोळा लाख मिळू शकणाऱ्या जागेसाठी संकोचून नऊ म्हटलं, तर ती तूट एका वर्षात भरत नाही. पुढची प्रत्येक वाढ त्या नऊवरच मोजली जाते.

सीटीसी आणि हातात येणारी रक्कम यांतही फरक असतो. सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा येतो, अनेकदा ग्रॅच्युइटी, बोनस आणि शेअर्सही धरलेले असतात. शेअर्स सहसा चार वर्षांत थोडेथोडे मिळतात. अमेझॉनची बरीच वर्षं चालत आलेली पद्धत अशी, की पहिल्या वर्षी 5 टक्के, दुसऱ्या वर्षी 15, मग दोन वर्षं 40-40. पहिल्या वर्षी घरखर्चाला किती उरेल, हे विचारायला लाजू नये. नोटीस पीरियडही खरा सांगावा. आपल्याकडे 60 किंवा 90 दिवसांचा असणं नेहमीचंच आहे, रिक्रूटरला त्याचं नवल वाटत नाही.

वेळ तुम्हीच निवडायची असते. शुक्रवारी दुपारी जुम्याची नमाज असेल किंवा रमजानमध्ये इफ्तारच्या वेळेला फोन येत असेल, तर दुसरी वेळ मागावी. कारण देण्याचीही गरज नाही. रिक्रूटर अमेरिकेत बसलेली असेल, तर वेळ कुठल्या देशाची आहे, हे ईमेलमध्ये नीट पाहावं. घरात नेटवर्क कुठे चांगलं मिळतं, ते आदल्या दिवशीच तपासावं. त्या अर्ध्या तासात घरच्यांनी कुकर लावू नये, टीव्ही बंद ठेवावा, आणि खालांना चहाला नंतर बोलवावं. रेझ्युमे आणि जागेची जाहिरात समोर ठेवावी. फोन असल्याने कागदात पाहून बोललं, तरी कोणाला दिसत नाही!

एक सावधगिरी मात्र हवीच. या कंपन्या नोकरीसाठी एक रुपयाही घेत नाहीत. ‘रजिस्ट्रेशन’, ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ असं काही मागणारा फोन आला, तर तो फसवणाराच समजावा. ईमेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या नावाचा आहे ना, हेही अक्षर न्‌ अक्षर पाहावं.

फोन ठेवण्याआधी पुढे किती फेऱ्या आहेत, त्या कोणत्या विषयावर असतील आणि निकाल साधारण कधी कळेल, हे विचारून लिहून घ्यावं. त्याच दिवशी दोन ओळींचा आभाराचा ईमेल पाठवावा. आठवडाभरात काहीच कळलं नाही, तर अजून एक ईमेल लिहावा. नकार आला, तरी काही महिन्यांनी त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करता येतो. तोवर प्रसंगांचा कागद जपून ठेवावा.